शेडमध्ये फुटबॉल गेम सेंटर काढताय? आधी घड्याळ डिझाईन करा, गेम नंतर

कोल्हापुरात फुटबॉलच्या नावावर काहीतरी चालू करायचं म्हटलं की पहिलं डोक्यात येतं ते टर्फ. तासाला अमुक पैसे, दहा-बारा पोरं येतात, खेळतात, जातात. चांगलंय, पण त्यात घरातली बाकीची माणसं कधीच येत नाहीत. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींची, म्हणजे इथल्या फुटबॉल क्लबची, मॅच असली की गॅलरीत आजोबांपासून नातवापर्यंत सगळे ओरडायला हजर असतात, पण त्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांनी बॉलला पाय लावून कित्येक वर्षं झालेली असतात. त्यांच्यासाठी काय? आणि जून ते सप्टेंबर मैदानात चिखल असतो तेव्हा काय?

म्हणून हा प्रकार. एक मोठी पत्र्याची शेड, आत पाच-सहा छोटे छोटे फुटबॉल गेम, चार-पाच जणांची टीम एका गेमवरून दुसऱ्यावर फिरत जाते, प्रत्येक ठिकाणी पॉईंट मिळतात आणि शेवटी टोटल लागते. मॅच नाही, धक्काबुक्की नाही, ऑफिसचा ग्रुप, वाढदिवसाची पोरं, मामा-मामी सगळे खेळू शकतात. शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर साईडला बंद पडलेल्या युनिटच्या शेड भाड्याने मिळतात आणि वेल्डर-फॅब्रिकेटर तर आपल्याकडे गल्लीत आहेत, त्यामुळे निम्मं सामान बाहेरून मागवायची गरजच नाही.

पण बहुतेक लोक सुरुवात चुकीच्या टोकाने करतात. यूट्यूबवर एखादा भारी गेम बघतात, तो मागवतात, मग दुसरा, मग जागा उरली म्हणून तिसरा, आणि नंतर बसतात विचार करत की माणसं कशी फिरवायची. उलट करा.

पहिलं गणित: एका माणसाच्या पायाला बॉल किती वेळ लागतो

समजा ६ गेम आहेत, प्रत्येक गेम ६ मिनिटांचा, म्हणजे ३६ मिनिटं खेळ. टीम ५ जणांची. गेम जर असे असतील की एका वेळी एकानेच खेळायचं आणि चौघांनी बघायचं, तर प्रत्येकाच्या वाट्याला येतात ७ मिनिटं १२ सेकंद. माणसाने तासाभराचे पैसे दिलेत आणि सात मिनिटं खेळलाय. बाकीचा वेळ रांगेत उभा राहून मोबाईल बघतोय. तो परत येणार नाही, आणि का आला नाही हे तुम्हाला सांगणार पण नाही.

म्हणून कुठलाही गेम घेताना एकच प्रश्न विचारायचा, यात एका वेळी किती जण काहीतरी करतायत? कमीत कमी तीन जण पाहिजेत, एक मारणारा, एक पास देणारा, एक गोलकीपर किंवा रिबाऊंड घेणारा, किंवा मग सरळ दोन लेन समांतर.

जर्मनीत डॉर्टमुंड क्लबकडे फुटबोनाट म्हणून एक मशीन आहे, १४ बाय १४ मीटरचा चौकोन, चारी बाजूंनी ७२ खिडक्या, त्यातल्या ८ मधून बॉल सुटतो आणि ६४ टार्गेट, जी खिडकी पेटेल तिच्यात बॉल घालायचा. व्हिडिओ बघितला की वाटतं हेच पाहिजे. पण ते ट्रेनिंगचं मशीन आहे, मध्ये एकच प्लेअर असतो. तुमच्या धंद्यात एक आत आणि चार बाहेर म्हणजे झालंच की. आयडिया घ्या, पेटणारं टार्गेट ही आयडिया लई भारी आहे, पण ती भिंतीवर तीन ठिकाणी लावा आणि तिघांना एकदम खेळवा.

दुसरं उदाहरण लंडनचं, ओ-टू या मनोरंजन संकुलात २०२१ ला टोका सोशल हे फुटबॉल गेम सेंटर चालू झालं. टोका कंपनी मुळात एडी लुईस या अमेरिकन माजी प्लेअरने बॉल फेकणाऱ्या ट्रेनिंग मशीनवरून काढलेली. तिथे ग्रुपला एक बॉक्स मिळतो, ग्रुप तिथेच बसतो, खातो-पितो, आपला नंबर आला की उठून मारतो. तिथे थांबणं हे धंद्याचा भाग आहे कारण थांबलेला माणूस खातो. तुमच्याकडे टीम फिरती असणार, हातात प्लेट घेऊन कोण फिरणार? म्हणजे तुमच्याकडे खाणं शेवटी, खेळ संपल्यावर, आणि मधला वेळ पूर्ण खेळाचा. या दोन मॉडेलची खिचडी केली तर दोन्ही बिघडतं.

भोंगा दर ८ मिनिटांनी

६ मिनिटं खेळ, २ मिनिटं पुढच्या स्टेशनला जाणं, पाणी पिणं, पुढचा गेम समजून घेणं. एकूण ८. हा आकडा सगळ्या स्टेशनला सेम पाहिजे, एकही गेम जास्त वेळ घेणारा चालणार नाही, कारण सगळ्यात स्लो स्टेशनच अख्ख्या शेडचा स्पीड ठरवतं. पाच गेम सहा मिनिटांत होतात आणि एक दहा मिनिटं चालतो, तर तुमचं सेंटर दहावर चालतंय, विषय संपला. त्यामुळे "पहिल्या दहा गोलपर्यंत" असले गेम नकोत, "भोंगा होईपर्यंत जितके होतील तितके" असे पाहिजेत.

आता सगळ्या टीम एकदम सोडायच्या का एकेक? बरेच जण एकदम सोडतात, तासाला सहा टीम, तीस माणसं. कागदावर मस्त दिसतं. प्रत्यक्षात तीस माणसं एकदम बुटांच्या काउंटरला, तीस माणसं एकदम बाथरूमला, आणि संपल्यावर तीस जण एकदम कॅफेत, मग पुढचा पाऊण तास कॅफेवाला माश्या मारत बसलाय. त्यापेक्षा दर भोंग्याला एक टीम आत सोडा. एक आत जाते, बाकी सगळ्या एकेक घर पुढे सरकतात, एक बाहेर पडते. माहिती देणं हे पण एक स्टेशन धरा, शून्य नंबरचं, ८ मिनिटांचं, आणि शेवटी रिझल्ट-फोटो हे सातवं. म्हणजे ८ गुणिले ८, ६४ मिनिटांत टीम आत-बाहेर. तासाला साडेसात टीम, पाच जणांच्या धरल्या तर सदतीस माणसं, आणि काउंटरवर एका वेळी पाचच.

अजून एक फायदा, जो चालवायला लागल्याशिवाय लक्षात येत नाही. एखादा स्लॉट बुक झाला नाही तर ती रिकामी जागा पण टीमसारखीच पुढे पुढे सरकते. दर सात-आठ स्लॉटमागे एक जागा मुद्दाम रिकामी ठेवा, विकूच नका. कुणी उशिरा आलं, सेन्सर बंद पडला, पोरगं पडलं, जो काही घोळ झाला तो त्या रिकाम्या जागेत जिरतो. ही जागा विकायचा मोह शनिवारी-रविवारी जबरदस्त होतो आणि नेमकी तेव्हाच तिची गरज असते.

जागा

३६ बाय २० मीटरची शेड धरू, साधारण पावणेआठ हजार चौरस फूट. पुढचे ६ मीटर रिसेप्शन, बूट, बाथरूम, कॅफे. उरले ३० बाय २०. दोन्ही लांब भिंतींना तीन-तीन स्टेशन, प्रत्येक १० मीटर रुंद आणि ७ मीटर खोल, मध्ये ६ मीटरचा पट्टा मोकळा. जुन्या वाड्यात चौकाभोवती खोल्या असतात तसं. टीम डाव्या भिंतीने आत जाते १-२-३, उजव्या भिंतीने परत येते ४-५-६, आणि संपते तिथे रिसेप्शन. एकच दिशा, उलटं कुणी चालायचं नाही.

सगळे शॉट बाहेरच्या भिंतीकडे, चौकाकडे एकही नाही. हे लिहिताना सोपं वाटतं पण ड्रिबलिंगचा ट्रॅक आणि रिबाऊंडचा गेम लावताना हमखास कुठलातरी बॉल चौकात येतो, तिथे आई बाळाला घेऊन उभी असते. चौकाच्या बाजूला पण जाळी लागणारच.

७ मीटर खोली कमी वाटेल. भिंतीपासून जाळीला एक मीटर सोडलं की उरतात ६. फुटसालची पेनल्टी ६ मीटरवरूनच मारतात आणि फुटसालचा गोल ३ बाय २ मीटरचा, त्यामुळे माप अगदी नैसर्गिक बसतं. मोठ्या मैदानाची ११ मीटरची पेनल्टी आणि ७.३२ मीटरचा गोल इथे आणायच्या भानगडीत पडू नका.

जाळी भिंतीला चिकटवून ताणून लावली तर बॉल तशाच जोरात परत येतो, म्हणून ती सैल सोडायची, मागे जागा ठेवून, म्हणजे बॉल जाळीत मरतो आणि खाली पडतो. खाली पडला की तो स्वतःहून परत यायला पाहिजे, त्यासाठी जाळीखाली टर्फला थोडा उतार द्या आणि एका कोपऱ्यात पन्हाळी काढा. नाहीतर सहापैकी दोन मिनिटं लोक बॉल गोळा करण्यात घालवतात. माझ्या मते सगळ्या सेटअपमध्ये पैसे टाकण्यासारखी एकच गोष्ट असेल तर ती म्हणजे बॉल परत येणं. स्क्रीन आणि लाईट नंतर.

उंची कडेला ५ मीटर तरी पाहिजे, त्याहून बुटक्या शेडमध्ये चिपचा, म्हणजे बॉल हवेत उचलून मारायचा गेम ठेवू नका. पत्र्याचं दुखणं तुम्हाला माहितीच आहे, एप्रिल-मे मध्ये आत भट्टी. वर इन्सुलेशन, छपरावर फिरणारे व्हेंटिलेटर, मध्ये मोठा पंखा, एवढं बजेटमध्ये पहिल्या दिवसापासून धरा. आणि जुलैचा पाऊस पत्र्यावर पडायला लागला की भोंगा ऐकूच येत नाही! म्हणून भोंग्याबरोबर प्रत्येक स्टेशनवर मोठा लाईट, हिरवा म्हणजे खेळा, लाल म्हणजे बॉल सोडा आणि पुढे चला.

खाली काय टाकायचं

बाहेरच्या टर्फला असतं तसं उंच गवत आणि त्यात काळा रबरचा चुरा, हे आत नको. तो चुरा मोज्यात जातो, कॅफेत जातो, सेन्सरमध्ये जातो आणि बंद शेडमध्ये त्याचा वास बसतो. कमी उंचीचं, चुरा न लागणारं टर्फ घ्या आणि त्याच्याखाली फोमचा थर. स्टडचे बूट बंद, सपाट तळ किंवा टर्फ शूज. हे बुकिंगच्या मेसेजमध्येच लिहा, दारात सांगितलं तर भांडण होतं.

बॉल शक्यतो फुटसालचा. तो चार नंबरचा असतो आणि मुद्दाम कमी उसळणारा, नियमाप्रमाणे २ मीटरवरून सोडला तर पहिल्या टप्प्याला ५० ते ६५ सेंटीमीटरच उसळला पाहिजे. नवशिक्याच्या पायाला तो लवकर ऐकतो आणि छतावर कमी जातो. लहान पोरांना तीन नंबर, आणि कीपिंगच्या गेमला सरळ फोमचा बॉल. रोज सकाळी हवा चेक करायची, अर्धा फुसका बॉल असला की टार्गेटचे पॉईंट्स सगळे गंडतात आणि कालच्या टीमचा रेकॉर्ड आज कुणालाच तुटत नाही.

सहा स्टेशनवर काय ठेवू

मी असं लावलं असतं, तुम्ही बदला.

पहिलं पासिंगची भिंत, तीन लाकडी बोर्ड तीन दिशांना, जो पेटेल त्याच्यावर पास. सोपं, आल्या आल्या सगळ्यांना जमतं, अंग पण गरम होतं. बोर्डच्या मागे रबर लावा, नाहीतर दिवसभर धाड धाड आवाजाने तुमचाच स्टाफ पळून जाईल. दुसरं ड्रिबलिंग रिले, १० मीटरच्या दोन लेन, दोन जण एकदम. तिसरं फुटबॉल पूल, जमिनीवर मोठं पूल टेबल, पायाने खेळायचं. हे निवांत आहे म्हणून मुद्दाम रिलेनंतर, धाप लागलेली असते. पण पूल हा स्वभावाने लांबणारा खेळ, त्यामुळे पाळीपाळीने नाही, दोन बाजूंनी दोघांनी एकदम मारायचं, गोंधळ होतो, तीच मजा आहे.

चौथं चिप, म्हणजे बॉल उचलून टोपलीत किंवा टांगलेल्या टायरमध्ये. टायर पंक्चरवाल्याकडे फुकट मिळतात, फक्त घासून धुवून रंगवा आणि आतली तार बाहेर आलेली नाही बघा. पाचवं टार्गेट शूटिंग, ३ बाय २ च्या गोलवर भोकं पाडलेला कापड, कोपऱ्यांना जास्त पॉईंट. इथे स्पीड दाखवणारं मशीन लावायचा मोह होईल. लावा, पण स्पीडला पॉईंट देऊ नका. स्पीडला पॉईंट दिले की प्रत्येक जण जीव खाऊन मारतो, मांडी भरते, बॉल कुठेही जातो आणि आठ वर्षांची मुलगी शून्यावर राहते. सहावं कीपिंग, एकाने अडवायचं, तिघांनी फोमचा बॉल मारायचा, दर एक मिनिटाला कीपर बदल. शेवटी ठेवायचं कारण इथे सगळ्यात जास्त हसणं असतं आणि लोक त्याच मूडमध्ये कॅफेत जातात.

हेडरचा गेम ठेवू नका. अमेरिकेत यूएस सॉकर या तिथल्या फुटबॉल संघटनेने २०१५ ला दहा वर्षं आणि त्याखालच्या मुलांना हेडिंग बंद केलं, डोक्याला मार बसण्याच्या काळजीने. आपल्याकडे वाढदिवसाला येणारी पोरं त्याच वयाची असतात.

टेकबॉल, म्हणजे टेबल टेनिससारखं पण फुटबॉलने खेळायचं, त्याचं वाकडं टेबल दिसायला एकदम खतरनाक, पण नवख्याला दुसरा टच पण जमत नाही, सहा मिनिटांत पाच मिनिटं बॉल आणायला पळणं. कॅफेच्या बाजूला शोपीस म्हणून ठेवा, तालमीतली पोरं खेळतील आणि बाकीचे बघतील.

पॉईंट्स

प्रत्येक स्टेशनचे जास्तीत जास्त १०० पॉईंट, वर लिमिट. लिमिट नसेल तर एखादा तालमीचा प्लेअर शूटिंगला ३०० काढतो आणि बाकीच्या पाच स्टेशनला काही अर्थच राहत नाही. चार जणांची टीम आणि सहा जणांची टीम एकाच बोर्डावर असेल तर टोटल नाही, माणशी सरासरी घ्या. आणि एक बोनस ठेवा, टीममधल्या प्रत्येकाने एकदा तरी पॉईंट काढला तर २० जादा. हा छोटा नियम सगळा माहोल बदलतो, कारण मग टीममधला सगळ्यात भारी प्लेअर स्वतः मारायचं सोडून काकूंना पाय कसा लावायचा ते शिकवत बसतो.

सेन्सर लगेच घेऊ नका. आधी स्टाफच्या हातात टॅब किंवा साधा पाटी-खडू. कुठला गेम राहणार हे ठरल्यावर मग सेन्सर. घेताना दोन गोष्टी, एक म्हणजे वायरने जोडलेले घ्या, भरलेल्या शेडमध्ये वायफायच्या भरवशावर स्कोअर ठेवू नका. दुसरं, किरण तुटला की मोजणारे सेन्सर असतात त्यांच्यावर छपराच्या पारदर्शक पत्र्यातून दुपारचं ऊन थेट आलं तर ते येडे होतात, तेवढा पत्रा झाकून टाका. महावितरणवर पण फार विश्वास नको, लाईट गेली तरी स्कोअर आणि घड्याळ इन्व्हर्टरवर चालू राहिलं पाहिजे, नाहीतर आत असलेल्या सगळ्या टीम एकदम पैसे परत मागायला येतात.

आग, आणि यात काटकसर नको

२५ मे २०२४ ला राजकोटच्या टीआरपी गेम झोनला आग लागली, २७ लोक गेले, त्यात लहान मुलं होती. आत वेल्डिंगचं काम चालू होतं आणि फायर एनओसी नव्हती, हे तेव्हा सगळ्या पेपरात आलं होतं. तुमची शेड पण तशीच आहे हे लक्षात घ्या, टर्फ प्लास्टिकचं, जाळी नायलॉनची, खाली फोम, खांबाला फोम. जळायला लागलं तर काळा धूर काही मिनिटांत भरतो.

म्हणून दोन बाहेर पडायचे दरवाजे समोरासमोरच्या बाजूंना, बाहेर उघडणारे, आणि गेम लावताना त्यांच्यासमोर स्टेशन येणार नाही असं माप आधीच काढायचं. उघडे असताना वेल्डिंग-ग्राइंडिंग बंद म्हणजे बंद, रिपेअर सकाळी. महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक आणि जीवसंरक्षक उपाययोजना कायदा आहे, त्याप्रमाणे लायसन्स असलेल्या एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, यंत्रणा चालू असल्याचं सर्टिफिकेट द्यावं लागतं. शेड एमआयडीसीत असेल तर त्यांचा स्वतःचा फायर विभाग आहे, महापालिकेत असेल तर महापालिकेचा. भाडेकरार सही करायच्या आधी तिथे जाऊन विचारा की या शेडला असा वापर चालतो का.

बाकी किरकोळ, खांबांना माणसाच्या डोक्याच्या वरपर्यंत फोम, टर्फच्या जोडाला पाय अडकत नाही ना, बर्फ आणि क्रेप बँडेज काउंटरला. घोटे मुरगळणार, ते धरूनच चाला.

भाडं भरायच्या आधी ट्रायल

एखादं चालू टर्फ सकाळी दोन तासांसाठी घ्या, रिकामं असतं तेव्हा स्वस्तात मिळतं. कोन, खडूच्या रेषा, टायर, दोन जुने बोर्ड, एक शिट्टी. तालमीतल्या पोरांना बोलवू नका, ती सगळ्यातच भारी असतात आणि सगळं मस्त आहे सांगतात. शेजारचे काका, बहिणीची मैत्रीण, शाळेतली पोरं असा मिक्स गट आणा. एकाच्या हातात स्टॉपवॉच द्या आणि त्याने फक्त एकच गोष्ट मोजायची, माणसं नुसती उभी किती वेळ आहेत. जिथे जास्त उभी आहेत तो गेम बदला, कितीही आवडता असला तरी.

सजावटीचं म्हणाल तर मेस्सी-रोनाल्डोचे फोटो आणि परदेशी क्लबचे लोगो परवानगीशिवाय लावू नका, आणि गरज पण नाही. इथे पेठेची ईर्ष्या फुकट मिळते. मंगळवार पेठ विरुद्ध शिवाजी पेठ असा महिन्याचा बोर्ड लावा, टीमने नाव टाकताना पेठ निवडायची, तेवढ्यावर लोक परत येतील. आपला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच, २०१७ च्या अंडर-१७ वर्ल्ड कपला भारताकडून खेळला, पोरांना हे माहिती पाहिजे, भिंतीवर लिहा. तालमीचं नाव किंवा रंग वापरायचे असतील तर आधी तालमीत जाऊन चहा पिऊन विचारून या.

पैसे माणशी घ्या पण टीम कमीत कमी चारची, दोघांनी आले तर चारचे पैसे किंवा दुसऱ्या दोघांबरोबर जोडी. स्टाफ दोन स्टेशनला एक, शिवाय एक मोकळा जो फक्त बॉल, जाळी आणि उशिरा आलेल्यांना बघेल. आणि सहापैकी एक स्टेशन बोल्टवर उभं करा, वेल्डिंग न करता, म्हणजे तीन-चार महिन्यांनी रात्रीत काढून तिथे नवीन गेम लावता येतो. जुना गेम फेकू नका, दिवाळीच्या सुट्टीत परत काढायला बरा पडतो.